कनेक्ट अडवून भागत नाही: सँडबॉक्समधल्या प्रोसेसचं नेटवर्क कसं तोडायचं

प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यासाठी तुम्ही छोटी सर्व्हिस चालवता. बाहेरगावचे खरेदीदार डिझाइनची फाइल टाकतात, एसव्हीजी, पीडीएफ किंवा टिफ. सर्व्हर तिचं छोटं चित्र बनवतो आणि ते जेकॉर्डच्या डिझायनरला दिसतं. चित्र बनवणारा प्रोग्राम आयता घेतलेला आहे, त्याला इंटरनेटची काडीचीही गरज नाही. म्हणून तुम्ही सेककॉम्पचा (प्रोग्राम लिनक्सच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे, ज्या मागण्या करतो ते कॉल गाळायची सोय) फिल्टर लावून जोडणी करणारा कनेक्ट हा कॉल बंद केला. तरी राउटरच्या लॉगमध्ये डीएनएसच्या (नावावरून आयपी पत्ता विचारणाऱ्या) क्वेरी बाहेर जाताना दिसल्या. मग तुम्ही जोडणीचं टोक उघडणारा सॉकेट हा कॉलच बंद केला, तर प्रोग्राम जागच्या जागी मरतो, आणि एसट्रेसमधली (केलेल्या कॉलची यादी दाखवणारं साधन) शेवटची ओळ सॉकेटची, पहिला आकडा १. सगळं अल्पाइन या छोट्या लिनक्सवरच्या एकाच डॉकर कंटेनरमध्ये (प्रोग्रामसाठीची वेगळी बंद पेटी) आहे. नेमकं काय अडवायचं, असं तुम्ही विचारलंय.

माझं उत्तर असं की अडवण्यापासून सुरुवातच करू नका. आधी त्या प्रोसेसला असं जग द्या, ज्यात नेटवर्क नाहीच. अडवणं त्याच्यावरचा दुसरा थर. आणि या दोन्हींच्या आधी, त्या प्रोसेसच्या हातात जन्मतःच काय दिलं जातंय ते मोजा. घरातला एकेक नळ चिंधी बांधून बंद करत बसलं तर एखादा मोरीतला विसरतोच. जोडणीच नसेल तर नळ किती आहेत हा प्रश्न उरत नाही. आपल्याकडे पाण्याच्या पाळीवर दिवस काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

तुम्ही हे मनावर घेतलंत याचं मला फार बरं वाटलं, कारण बहुतेक ठिकाणी "चित्राची फाइल काय करणार?" म्हणून सोडून देतात. चित्राची फाइल बरंच काही करते. एसव्हीजी म्हणजे मजकूरच, त्यात बाहेरच्या पत्त्यावरचं चित्र आणायला सांगता येतं. मे २०१६ मध्ये इमेजमॅजिकमधली भोकं उघड झाली, त्यातल्या एकाने नुसत्या चित्राच्या फाइलवरून सर्व्हरवर हुकूम चालवता येत होते आणि दुसऱ्याने सर्व्हरला हव्या त्या पत्त्यावर विनंती पाठवायला लावता येत होती. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) संरक्षण आहे, पण येत्या सीझनचं डिझाइन बाजारात यायच्या आधीच शेजारच्या कारखान्याच्या हाती लागलं तर त्यावर जीआयचा काही उपाय नाही. तुमच्या सर्व्हरवर पाच खरेदीदारांच्या फाइल एकत्र पडलेल्या आहेत. त्यातला एक जण काय पाठवेल हे तुमच्या हातात नाही.

आता कनेक्ट बंद असूनही डीएनएस कसं गेलं ते बघू. यूडीपीला, म्हणजे आधी जोडणी न करता पाकीट पाठवायच्या पद्धतीला, कनेक्टची गरज नसते. सॉकेट उघडायचं आणि सेंडटू या कॉलमध्ये पत्ता देऊन पाकीट सोडायचं, झालं. उबंटू-डेबियनमधली जीलिबसी ही मूळ लायब्ररी डीएनएस विचारताना यूडीपी सॉकेटवरसुद्धा आधी कनेक्ट करते, म्हणून तिथे तुमचा फिल्टर चालल्यासारखा वाटला असता. अल्पाइनमध्ये मसल ही लायब्ररी आहे, आणि तिचा रिझॉल्व्हर (नावाचा पत्ता शोधणारा भाग) कनेक्ट न करता थेट सेंडटू वापरतो. तोच फिल्टर, तोच प्रोग्राम, फक्त लायब्ररी बदलली आणि भोक दिसलं. एका अर्थी तुमचं नशीब चांगलं, नाहीतर वर्षभर "बंद आहे" याच भरवशावर राहिला असता.

टीसीपी, म्हणजे आधी जोडणी करून बोलायची पद्धत, तरी सुरक्षित आहे असं समजू नका. टीसीपी फास्ट ओपन नावाची सोय लिनक्समध्ये बरीच जुनी आहे. सेंडटूला एक फ्लॅग दिला की जोडणीही होते आणि पहिला मजकूरही जातो, कनेक्टला हातही लागत नाही. म्हणजे क्रियापदं अडवायला गेलात तर कनेक्ट, सेंडटू, सेंडमेसेज, सेंडएममेसेज अशी यादी वाढत जाते, आणि यातले काही कॉल साध्या युनिक्स सॉकेटलाही लागतात, त्यामुळे ते बंद केले की भलतंच काही तुटतं.

बरं, कनेक्ट चालू ठेवून "अमुक पत्त्यालाच जा" असं सेककॉम्पला सांगता येईल का? नाही. ही मर्यादा नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण अर्धे लोक इथेच फसतात. सेककॉम्पच्या फिल्टरला कॉलचा नंबर आणि त्याचे सहा आकडे दिसतात. कनेक्टमधला दुसरा आकडा म्हणजे पत्ता नव्हे, तो पत्ता मेमरीच्या कुठल्या खणात ठेवलाय त्या खणाचा नंबर. फिल्टरला खण उघडायची परवानगी नाही. आणि ही परवानगी मुद्दामच दिलेली नाही: फिल्टरने खण उघडून चिठ्ठी वाचली, "ठीक आहे" म्हटलं, आणि कर्नल ती चिठ्ठी पुन्हा वाचायच्या आत त्याच प्रोसेसच्या दुसऱ्या थ्रेडने चिठ्ठी बदलली, तर तपासणीला अर्थच उरत नाही. २०१९ साली ५.० कर्नलमध्ये यूजर नोटिफिकेशन आलं, त्यात तुमचा प्रोग्राम बाहेरून खण वाचू शकतो, पण हा चिठ्ठी बदलण्याचा धोका तसाच आहे, आणि त्याच्या मॅन्युअलमध्ये तसं स्पष्ट बजावलेलं आहे.

सॉकेट या कॉलचं मात्र तसं नाही. त्याचे तिन्ही आकडे साधे आकडे आहेत: घराणं, प्रकार, प्रोटोकॉल. पहिला आकडा २ म्हणजे आयपीव्ही४, १० म्हणजे आयपीव्ही६, १६ म्हणजे नेटलिंक (कर्नलशी बोलायचं), १७ म्हणजे कच्ची पॅकेट, ४० म्हणजे व्हीसॉक. आणि १ म्हणजे युनिक्स सॉकेट, जे मशीनच्या आतल्या आत चालतं. तुमचा प्रोग्राम मेला तो या १ वर. बहुतेक झालंय असं: कंटेनर तुम्ही एखाद्या यूजर नंबरने चालवता आणि त्या नंबरची ओळ कंटेनरमधल्या पासवर्ड फाइलमध्ये नाही. प्रोग्रामला होम फोल्डर हवा होता, त्याने यूजरचं नाव विचारलं, फाइलमध्ये सापडलं नाही म्हणून मसल एनएससीडी नावाच्या सेवेला विचारायला गेली, आणि त्यासाठी युनिक्स सॉकेट उघडलं. इंटरनेटशी याचा काही संबंध नाही. पासवर्ड फाइलमध्ये एक ओळ घातलीत की हा कॉल बहुधा होणारच नाही.

पण खरी चूक ती नव्हे. तुम्ही फिल्टरला "मारून टाक" सांगितलंत, ती खरी चूक. आयत्या प्रोग्रामच्या बाबतीत मारण्यापेक्षा एरर परत देणं बरं, आणि एररसुद्धा विचार करून निवडायची. बरेच लोक "परवानगी नाही" हा ईपर्म देतात. सॉकेटसाठी मी ईएएफनोसपोर्ट देतो, म्हणजे "हे घराणं या मशीनवर नाहीच". कारण आयपीव्ही६ नसलेली मशीन जगात ढीगभर आहेत, त्यामुळे नेटवर्कवाल्या जवळजवळ प्रत्येक लायब्ररीला ही एरर आयुष्यात कधी ना कधी भेटलेली असते आणि ती तिथून गुमान पुढे जाते. सिस्टमडीही (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) आपल्या घराणी मर्यादित करणाऱ्या पर्यायात हीच एरर देतं. मारून टाकणं मी फक्त स्वतः लिहिलेल्या प्रोग्रामसाठी ठेवतो, जिथे असा कॉल येणं म्हणजे काहीतरी बिघडलंय हे मला पक्कं माहीत असतं.

आता पायाकडे येऊ. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस म्हणून सोय आहे, २००८ च्या २.६.२४ पासून ती हळूहळू आली. नवीन नेमस्पेसमध्ये जन्मलेल्या प्रोसेसला स्वतःचं वेगळं नेटवर्क मिळतं आणि त्यात फक्त लूपबॅक (मशीन स्वतःशीच बोलते ती वाट) असतं, तेही बंद अवस्थेत. इथरनेट कार्ड नाही, रूट नाही, काही नाही. इथे प्रोग्रामने सॉकेट उघडलं, सेंडटू केलं, फास्ट ओपन केलं, काहीही केलं तरी पाकिटाला जायला रस्ताच नाही. "नेटवर्क अनरीचेबल" येतं आणि विषय संपतो. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट युनिक्स सॉकेट, म्हणजे फाइल न बनवता नुसत्या नावाने चालणारी, तीसुद्धा नेमस्पेसप्रमाणे वेगळी होतात. होस्टच्या, म्हणजे बाहेरच्या मूळ मशीनच्या, १२७.०.०.१ वर बसलेला डेटाबेस इथून दिसत नाही, कारण इथलं १२७.०.०.१ वेगळं. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. बाहेरचं इंटरनेट अडवायचं सगळ्यांना सुचतं, पण त्याच मशीनवर बिनपासवर्डचं रेडिस (एक डेटाबेस) ६३७९ पोर्टवर उघडं बसलेलं असतं त्याचं काय? आणि भाड्याच्या क्लाउडवर १६९.२५४.१६९.२५४ हा मेटाडेटाचा पत्ता असतो, जिथून मशीनच्या किल्ल्या मिळू शकतात. रिकाम्या नेमस्पेसमध्ये हे तिन्ही एकाच झटक्यात जातात.

तुमची अडचण अशी की वेब सर्व्हिस आणि चित्र बनवणारा प्रोग्राम एकाच कंटेनरमध्ये आहेत. सर्व्हिसला नेटवर्क हवं, प्रोग्रामला नको. कंटेनरच्या आत दुसरा नेमस्पेस काढायला गेलात तर डॉकरची नेहमीची प्रोफाइल अनशेअर हा कॉल अडवते, आणि तो चालावा म्हणून कंटेनरला जास्त अधिकार देणं म्हणजे चोर पकडायला घराचं दार काढून ठेवणं. तसं करू नका. दोन कंटेनर करा. सर्व्हिसचा एक, नेटवर्कसकट. प्रोग्रामचा दुसरा, नेटवर्क "नन" देऊन. दोघांमध्ये एक फोल्डर सामाईक ठेवा: सर्व्हिस फाइल टाकते, दुसरा कंटेनर उचलतो, चित्र बनवून परत ठेवतो. लगेच कळायला हवं असेल तर त्या फोल्डरमध्ये युनिक्स सॉकेटची फाइल ठेवा. फाइलरूपातलं युनिक्स सॉकेट नेटवर्क नेमस्पेस ओलांडून चालतं, कारण त्याच्यावर फाइल सिस्टमचा अंमल असतो, नेटवर्कचा नाही.

आणि नेमकं हेच दुसऱ्या बाजूने धोक्याचं आहे. कंटेनरमध्ये माउंट केलेली प्रत्येक सॉकेटफाइल हे बाहेर जायचं दार आहे. सगळ्यात वाईट म्हणजे डॉकरचं स्वतःचं सॉकेट. "आतून कंटेनर रीस्टार्ट करता यावा" म्हणून ते आत दिलेलं मी इथल्याच दोन-तीन ठिकाणी पाहिलंय. ते आत असेल तर आतला प्रोग्राम नवा कंटेनर मागू शकतो, होस्टच्या पूर्ण डिस्कसकट आणि होस्टच्या नेटवर्कसकट. मग वरच्या सगळ्या गप्पा फुकट. डी-बसचं (प्रोग्रामांमधल्या निरोपांचं) सॉकेट आणि सिस्टमडी-रिझॉल्व्ह्डचं (नावं शोधणाऱ्या सेवेचं) सॉकेट हेही तसेच बघा. रिझॉल्व्हर आत पोचत असेल तर आतल्या प्रोग्रामला स्वतः एकही पाकीट न सोडता नावांच्या क्वेरीमध्ये माहिती भरून बाहेर पाठवता येते. क्वेरी दुसराच कोणी पाठवतो, पण मजकूर याचा असतो.

आता जन्मतः हातात काय येतं त्याबद्दल, आणि हे मी स्वतः खाल्लेल्या फटक्यावरून सांगतोय. सहा-सात वर्षांपूर्वी एका ऑफिससाठी अशीच रचना केली होती. आलेल्या कागदपत्रांचं चित्र बनवायचं होतं, कंटेनर नव्हते, मुख्य प्रोग्राम आम्ही सीमध्ये लिहिलेला. कामांची रांग रेडिसमध्ये. मुख्य प्रोग्राम सुरू होताना रेडिसला जोडायचा, काम आलं की फोर्क करायचा (स्वतःची प्रत, म्हणजे मुलगा, काढायचा), मुलाला नव्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये टाकायचा आणि मग बाहेरचा प्रोग्राम एक्झेक करायचा (मुलाच्या जागी चालवायचा). चाचणी केली: आतून पिंग नाही, कर्ल नाही, होस्टचं रेडिससुद्धा नाही. आम्ही समाधानाने ते चालू केलं.

काही महिन्यांनी रात्री, जुळे सोलापुरातल्या घरी बसून वेगळ्याच कारणासाठी एका अडकलेल्या मुलाची प्रॉक फोल्डरमधली एफडीची (प्रोसेसकडे उघड्या असलेल्या फाइल-सॉकेटांच्या नंबरांची) यादी उघडली. ०, १, २ अपेक्षितच. खाली ७, आणि त्याच्यासमोर "सॉकेट" आणि चौकटी कंसात एक लांब आकडा. मुलाच्या नेमस्पेसमध्ये जाऊन टीसीपीची यादी पाहिली, रिकामी. होस्टवर एसएस (सॉकेटांची यादी देणारं साधन) चालवून तो आकडा शोधला, तर सापडला: ६३७९ ला जोडलेली, चालू असलेली जोडणी. आमच्याच रेडिसची. सॉकेट कुठल्या नेमस्पेसचं हे ते तयार होताना ठरतं आणि मग बदलत नाही. मुलगा नव्या जगात गेला, पण जुन्या जगाचं उघडं दार खिशात घेऊन गेला. फाइल पाठवणाऱ्याला त्या प्रोग्राममध्ये भोक सापडलं असतं तर तो ७ नंबरवर लिहून सगळ्या ऑफिसची रांग वाचू शकला असता. तसं घडल्याची एकही खूण सापडली नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात जाऊन हे जसं होतं तसं सांगितलं.

दोष एका फ्लॅगचा होता. सॉकेट उघडताना क्लोज-ऑन-एक्झेक द्यायचं राहिलं होतं. २००८ पासून लिनक्समध्ये हा फ्लॅग सॉकेट उघडतानाच देता येतो. पायथॉनमध्ये ३.४ पासून नवीन एफडी मुलाला जात नाहीत, तिथे तुम्ही बरेच सुरक्षित आहात. तरी मी आता कुठल्याही भाषेत फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी, ३ पासून वरचे सगळे एफडी बंद करतो. ५.९ कर्नलपासून क्लोज-रेंज हा कॉल ते एका फटक्यात करतो. तुमच्या दोन कंटेनरच्या रचनेत हा धोका जवळजवळ उरत नाही, कारण दुसरा कंटेनर सर्व्हिसचा मुलगाच नसतो. मी ती रचना सुचवण्याचं निम्मं कारण हेच आहे.

एफडीची ही गोष्ट उलट दिशेने फायद्याचीही आहे. युनिक्स सॉकेटवरून एक प्रोसेस दुसरीला उघडं सॉकेट पाठवू शकते. म्हणजे आतल्या प्रोसेसला खरोखर एकाच ठिकाणी बोलायची गरज असेल, तर बाहेरचा एक छोटा मध्यस्थ जोडणी करून तयार सॉकेट आत देतो. आतल्याला "जोड" म्हणायचा अधिकार नाही, फक्त दिलेल्या तारेवर बोलायचा आहे. पत्ता तपासणारा मध्यस्थ बाहेर, त्याची मेमरी वेगळी, त्यामुळे मघाशी सांगितलेला चिठ्ठी बदलण्याचा प्रश्नही नाही.

आता दुसरा थर, म्हणजे सेककॉम्प. नेमस्पेस असताना त्याची गरज काय, असं कुणी विचारेल. गरज आहे, कारण कर्नलमध्ये घराणी चाळीसहून जास्त आहेत आणि त्यातल्या कित्येकांचा कोड फारसा कुणी वापरत नाही, तपासतही नाही. नेटवर्क नसलं तरी तो कोड कर्नलला फोडायला वापरता येतो. शिवाय व्हीसॉक हे व्हर्च्युअल मशीन आणि तिच्या होस्टमधलं घराणं वर्षानुवर्षं नेटवर्क नेमस्पेस जुमानत नव्हतं. तुमचा सर्व्हर भाड्याचा व्हीएम असेल तर हे तुम्हालाही लागू. म्हणून फिल्टरमध्ये "हे नको, ते नको" अशी यादी न करता "फक्त १ चालेल, बाकी सगळ्यांना ईएएफनोसपोर्ट" असं लिहा. सॉकेटपेअर चालू राहू द्या, ती आतल्या आत जोडलेली जोडी असते. प्रोग्रामला नेटलिंक खरंच लागतं असं एसट्रेसमध्ये दिसलं तरच १६ वाढवा, आधीच उदार होऊ नका.

इथे एक खबरदारी: डॉकरला तुम्ही स्वतःची सेककॉम्प प्रोफाइल दिलीत तर ती मूळ प्रोफाइलमध्ये मिळवली जात नाही, तिच्या जागी बसते. म्हणजे कनेक्ट बंद करायच्या नादात डॉकरने आधीच बंद केलेल्या डझनावारी गोष्टी तुम्ही उघडल्या असतील. मूळ प्रोफाइलची फाइल घ्या आणि तिच्यात बदल करा.

फिल्टरला बगल द्यायचे दोन रस्ते तर हमखास बंद करायला हवेत. एक म्हणजे ३२ बिटचा. जुन्या ३२ बिट इंटेलवर सॉकेटचे सगळे कॉल सॉकेटकॉल नावाच्या एकाच कॉलमधून जायचे आणि आकडे मेमरीच्या खणात असायचे, म्हणजे घराणं फिल्टरला दिसतच नाही. ६४ बिट कर्नलवर ३२ बिट प्रोग्राम चालतो, तेव्हा हा रस्ता उघडा असतो. फिल्टरच्या पहिल्याच ओळीत आर्किटेक्चर तपासा आणि परकं असेल तर सरळ नाकारा. एक्स३२ नावाचा तिसरा प्रकार तर ६४ बिटचंच आर्किटेक्चर सांगतो आणि कॉलच्या नंबरात एक बिट वाढवतो, तोही पकडा. लिबसेककॉम्प ही लायब्ररी वापरलीत तर यातलं बरंचसं ती सांभाळते, म्हणून हाताने बीपीएफ (फिल्टरची मूळ भाषा) लिहायचा हट्ट धरू नका.

दुसरा रस्ता आयओ यूरिंगचा. यात प्रोसेस कामांची रांग मेमरीत लिहिते आणि कर्नल ती उचलतो, प्रत्येक कामासाठी वेगळा कॉल होत नाही, म्हणून सेककॉम्पला आतलं काही कळत नाही. ५.५ पासून त्यात कनेक्ट करता येतं आणि २०२२ च्या ५.१९ पासून सॉकेटही उघडता येतं. म्हणजे तुमचा सॉकेटवरचा फिल्टर जागेवर आहे आणि सॉकेट शेजारून उघडून गेलं. २०२३ मध्ये गूगलने सांगितलं की त्यांच्या कर्नल बक्षीस योजनेत आलेल्या हल्ल्यांपैकी ६० टक्के आयओ यूरिंगवरचे होते, आणि त्यांनी क्रोमओएसवर ते बंदच केलं. चित्र बनवणाऱ्या प्रोग्रामला ते लागत नाही. सेटअप, एंटर, रजिस्टर हे तिन्ही कॉल बंद करा. ६.६ पासून पूर्ण मशीनवर बंद करायचा सिसकंट्रोलही (कर्नलची सेटिंग) आहे. लक्षात घ्या, नेमस्पेसला या दोन्ही रस्त्यांनी काही फरक पडत नाही. ३२ बिटने उघडा की यूरिंगने, सॉकेट त्याच रिकाम्या जगात जन्माला येतं. म्हणूनच मी नेमस्पेसला पाया म्हणतो आणि सेककॉम्पला त्याच्या वरचा थर.

फिल्टर लावायची जागाही महत्त्वाची. तो फोर्कनंतर, एक्झेकच्या आधी, मुलामध्ये लावा, नो-न्यू-प्रिव्ह्स (नवे अधिकार मिळू न देणारा फ्लॅग) लावून. एकदा लागला की तो मुलांना-नातवंडांना जातो आणि काढता येत नाही. चालू असलेल्या, अनेक थ्रेडच्या प्रोग्राममध्ये मध्येच लावलात तर तो फक्त त्याच थ्रेडला लागतो. सगळ्यांना लावायचा टीसिंक फ्लॅग ३.१७ पासून आहे, तो द्यावा लागतो.

लँडलॉकबद्दलही, म्हणजे प्रोग्रामने स्वतःवरच बंधन घालायच्या लिनक्समधल्या सोयीबद्दल, तुम्ही विचारलंय. फाइलींसाठी ते ५.१३ मध्ये आलं, आणि नेटवर्कसाठी ६.७ मध्ये, जानेवारी २०२४ ला. त्यात आलेलं नियंत्रण टीसीपीच्या बाइंड आणि कनेक्टपुरतं, आणि तेही पोर्टच्या नंबरावर, पत्त्यावर नाही. "४४३ ला जाऊ दे" म्हणता येतं, "फक्त या सर्व्हरच्या ४४३ ला" म्हणता येत नाही. यूडीपी त्यात नव्हतं, म्हणजे तुमचं डीएनएसचं दुखणं त्याने बरं झालं नसतं. पण प्रोग्राम तुमचा स्वतःचा असेल तर रूट न होता, कुणाला न विचारता स्वतःवरच बंधन घालता येतं, हे फार मोलाचं. तुमच्या वेब सर्व्हिसला ते नक्की लावा. आयत्या प्रोग्रामच्या फाइलींसाठीही लावा.

कंटेनर नसलेल्या साध्या सर्व्हिसला सिस्टमडी पुरतं. प्रायव्हेटनेटवर्क चालू केलं की रिकामा नेमस्पेस. काही मोजके पत्ते लागत असतील तर आधी आयपीअ‍ॅड्रेसडिनायमध्ये "एनी" आणि मग आयपीअ‍ॅड्रेसअलाउमध्ये तेवढेच पत्ते. हे २०१७ च्या २३५ आवृत्तीपासून आहे आणि ते सीग्रुपवर (प्रोसेसच्या गटावर) बसवलेल्या ईबीपीएफने, म्हणजे कर्नलमधल्या छोट्या प्रोग्रामने, चालतं, म्हणजे खरं पाकीट बघून ठरवतं, खणाची चिठ्ठी बघून नव्हे. "लोकलहोस्ट चालेल" असं मात्र सहज लिहू नका. लोकलहोस्टवर काय काय बसलंय ते आधी मोजा.

दुसऱ्या सिस्टिमांवर मी फार थांबत नाही, पण ओपनबीएसडीचं प्लेज एकदा वाचा, २०१६ च्या ५.९ मध्ये आलं. प्रोग्राम स्वतः सांगतो, "यापुढे मला फक्त साधं वाचणं-लिहिणं लागेल", आणि वचनात "इनेट" नसताना इंटरनेटचं सॉकेट मागितलं की कर्नल त्याला मारतो. एका ओळीत होतं आणि वाचणाऱ्याला हेतू कळतो. फ्रीबीएसडीच्या कॅप्सिकममध्ये एकदा आत गेलं की नावाने नवीन काही उघडता येत नाही, हातातल्या एफडीवरच काम. माझ्या त्या ७ नंबरच्या रात्रीनंतर मला त्यामागचा विचार खरा कळला. डिझायनरच्या विंडोज मशीनवर अ‍ॅपकंटेनर आहे, विंडोज ८ पासून, त्यात इंटरनेटची परवानगी वेगळी मागावी लागते आणि लूपबॅकही मुळात बंद असतं. आणि जुन्या अँड्रॉइडवर इंटरनेटची परवानगी म्हणजे खाली कर्नलच्या पातळीवर ३००३ नंबरचा ग्रुप असायचा. ग्रुप नसला तर इंटरनेटचं सॉकेट मिळायचं नाही.

नेटवर्क बंद झालं तरी एक वाट उरते, तीही सांगून ठेवतो: परत येणारं चित्र. सामाईक फोल्डरमध्ये सगळ्या खरेदीदारांच्या फाइल असतील, तर एकाच्या एसव्हीजीने दुसऱ्याचं डिझाइन उचलून आपल्या चित्रात काढून घेतलं असं होऊ शकतं, एकही पाकीट बाहेर न जाता. प्रत्येक कामाला वेगळा फोल्डर, आत फक्त तीच एक फाइल, आणि काम झालं की पुसायचा. कारखानदारांना सेककॉम्प कळणार नाही, पण हे एका वाक्यात कळतं.

हे सगळं लावल्यावर तपासणी आतूनच करा, त्याच यूजरने, त्याच कंटेनरमध्ये. पिंगवर समाधान मानू नका. नाव न वापरता थेट आयपीला टीसीपी करून बघा. यूडीपी सेंडटू करून बघा. आयपीव्ही६ करून बघा. होस्टच्या डेटाबेसचा पोर्ट बघा. ३२ बिटचा छोटा प्रोग्राम बनवून तेच पुन्हा. आयओ यूरिंग सेटअप नाकारला जातो का ते बघा. मग प्रॉकमध्ये जाऊन चालू कामाच्या एफडीची यादी वाचा, आणि माउंट झालेल्या फोल्डरांत सॉकेट प्रकारची एकही अनोळखी फाइल नाही याची खात्री करा. प्रत्येक प्रयत्नाला कोणती एरर आली ते लिहून ठेवा. "चाललं नाही" एवढं पुरत नाही, कुणी अडवलं हे कळायला हवं: "अनरीचेबल" आलं तर नेमस्पेसने, ईएएफनोसपोर्ट आलं तर फिल्टरने. ही चाचणी स्क्रिप्ट करून ठेवा आणि अल्पाइनची आवृत्ती किंवा कर्नल बदलला की पुन्हा चालवा, कारण तुमचं हे भोक एका लायब्ररीच्या फरकानेच उघडं पडलं होतं.

दोन कंटेनर केल्यावर राउटरचा लॉग आठवडाभर चालू ठेवा. प्रोग्राम पुन्हा सॉकेटवर अडला तर एसट्रेसची ओळ तिन्ही आकड्यांसकट पाठवा, आणि कंटेनर कोणत्या यूजर नंबरने चालवता तेही लिहा.